विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय, नमुने कुठे द्यायचे आणि लक्ष कसं ठेवायचं?

वस्तीवरचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. आमची वस्ती सातारा जिल्ह्यात खटाव भागात, दहा-बारा घरं आणि सगळ्यांची मिळून एक जुनी विहीर, आजोबांच्या काळात खणलेली, सात परस खोल आणि वीस फूट रुंद. नळाचं पाणी एरवी दोन दिवसाआड येतं, एप्रिलपासून ते आठवड्यावर गेलं त्यामुळे प्यायलासुद्धा हीच विहीर.

मेच्या पहिल्या आठवड्यात आई म्हणाली पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय. आम्हाला वाटलं कळशीला काहीतरी लागलं असेल, कळशी बदलली, दोर बदलला, वास तसाच. पाणी जसं खाली गेलं तसा वास वाढत गेला आणि आता सकाळी ऊन पडलं की पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. विहिरीपासून अंदाजे 80 मीटरवर, वरच्या अंगाला, रस्त्याकडेला पेट्रोल पंप आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, त्याला लागून ट्रकचं गॅरेज. पंपावर विचारलं तर म्हणाले आमच्या टाक्या टाईट आहेत, तुम्ही विहीर उपसून घ्या. पाण्याचा नमुना तपासायला दिला, मिनरल वॉटरच्या बाटलीत भरून, तर रिपोर्ट आला "पिण्यास योग्य". आता काय बोलायचं, नाकाला वास येतोय आणि कागद म्हणतो योग्य.

कुठली टेस्ट करायची, किती वेळा करायची, जनावरांना पाजलं तर चालेल का, आणि हे पंपातूनच येतंय हे कळणार कसं? गेले तीन आठवडे रात्री झोप नाही, घरात चार वर्षांची पोरगी आहे आणि ती हेच पाणी प्यायलीय.

कृष्णाकाठ_09

पूर्ण उपसा करा, गाळ काढा, टीसीएल पावडर टाका आणि घरात आरओ बसवा. आमच्याकडे पण वास यायचा, गेला.

भूजल_फिरस्ता

वरच्या दादांना मान देऊन सांगतो, यातलं काहीही करू नका. टीसीएलने जंतू मरतात, पेट्रोल जात नाही. आरओच्या जाळीतून पेट्रोलमधल्या बेंझीनसारख्या विषारी द्रव्यांचे छोटे रेणू बऱ्यापैकी निसटतात, जे काय अडतं ते त्यातल्या कार्बनच्या नळकांड्यात, आणि ते कधी भरून गेलं हे तुम्हाला कळत नाही. पाणी उकळूनही घेऊ नका, उकळल्यावर ते पाण्यातून निघून तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत येतं. आणि जोरात उपसा तर मुळीच नको. विहीर रिकामी केली की चारी बाजूंचं पाणी तिच्याकडे धावतं, म्हणजे जे प्रदूषण अजून चाळीस मीटरवर असेल ते तुम्ही स्वतःच ओढून आणाल.

सगळ्यात आधी जिवाचं. विहिरीत कोणीही उतरायचं नाही, गाळ काढायलाही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत खाली साचून राहते, माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. कठड्याजवळ बिडी, काडी, वेल्डिंग काही नको. विहिरीत पाण्यालगत मोटर बसवलेली असेल तर तिचा स्टार्टर आज बंद. प्यायला, स्वयंपाकाला, आंघोळीला हे पाणी नको आणि जनावरांनाही नको, गरम पाण्याच्या आंघोळीत वाफ थेट छातीत जाते. ग्रामपंचायतीकडे टँकरचा अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. पोरगीला डॉक्टरांना एकदा दाखवा, किती दिवस हे पाणी पोटात गेलं ते तारखांसकट सांगा.

आता तुमचा रिपोर्ट. तो खोटा नाही, तपासलंच वेगळं गेलंय. नेहमीच्या तपासणीत पीएच, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतू बघतात. पेट्रोलसाठी मागायचं ते "बीटेक्स", म्हणजे बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन, झायलीन, आणि त्याबरोबर "टीपीएच", म्हणजे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. डिझेल असेल तर बीटेक्स कमी आणि टीपीएच जास्त दिसतं म्हणून दोन्ही मागा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि जीसी-एमएस, म्हणजे पाण्यातली रसायनं वेगवेगळी करून मोजणारं मशीन असलेली लॅब बघा, मान्यता नेमकी या चाचण्यांसाठी आहे ना तेही विचारा, आणि फोनवरच विचारा की बेंझीन किती खालपर्यंत मोजता. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेत 5. लॅब जर 50 च्या खाली मोजतच नसेल तर "आढळले नाही" या शब्दांना काही किंमत नाही.

वासावर तर अजिबात विसंबू नका. बेंझीनचा स्वतःचा वास पाण्यात साधारण 10 मिलिग्रॅमला नाकाला कळतो, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. तुम्हाला जो वास येतोय तो पेट्रोलमधल्या इतर घटकांचाही आहे. वास आला तर नक्की काहीतरी आहे, पण वास गेला म्हणजे पाणी चांगलं झालं असं नाही, हे वस्तीवर सगळ्यांना सांगा.

किती थोडं लागतं त्याचा हिशेब करून दाखवतो. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त 1 टक्का चालतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये 10 मिलि, वजनात जवळपास 9 ग्रॅम. तेवढं सगळं पाण्यात उतरलं असं धरलं तर 10 मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला पोचतं. तुमच्या वीस फुटी विहिरीत वीस फूट पाणी धरलं तर ते पावणेदोन लाख लिटर. एका लिटरमध्ये अशा पाच विहिरी. प्रत्यक्षात बरंच उडून जातं, काही जीवाणू खातात, पण टाकीतून रोज वाटीभर जरी गळत असेल तरी ती किरकोळ गोष्ट नाही हे लक्षात यावं म्हणून सांगितलं.

तवंगाची एक साधी परीक्षा: लांब काठीने तो हलवा. काचेसारखे तुकडे होऊन वेगवेगळे राहिले तर तो लोखंडावर जगणाऱ्या जीवाणूंचा असतो आणि निरुपद्रवी, फिरून लगेच एकमेकांना जुळला तर तेलाचा. आणि दुसरं, राग मानू नका, विहिरीवर स्वतःचं डिझेल इंजिन आहे का? मी अशी एक विहीर पाहिलीय जिथे पंपाशी भांडण झालं आणि निघालं विहिरीवरच्या इंजिनाची गळकी नळी.

वस्तीवरचा

इंजिन होतं पण आठ वर्षांपूर्वी काढलं, आता विजेची मोटर, तीही आज बंद केली. काठीची परीक्षा केली, लगेच जुळतो. आईने कठड्याला दोर बांधून रस्ता बंद केला, चुलत्यांना पटत नव्हतं पण तवंग जुळताना बघितला आणि गप्प झाले. नमुना नेमका कसा घ्यायचा?

एडिसनकर

मी न्यू जर्सीत जुन्या पेट्रोल पंपांच्या जागी निरीक्षण विहिरींचे नमुने घ्यायचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून नमुन्याबद्दल मी लिहितो.

बाटल्या लॅबकडूनच घ्या. 40 मिलिच्या काचेच्या कुप्या असतात, टोपणात टेफ्लॉनचा पापुद्रा, आत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं, त्यामुळे कुपी विसळायची नाही आणि ओसंडू द्यायची नाही. काठोकाठ भरायची, वर पाण्याचा फुगवटा आला पाहिजे, मग टोपण, मग उलटी करून टिचकी मारायची. एकही बुडबुडा दिसला तर ती टाकून नवीन कुपी, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जातं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. तुमची मिनरल वॉटरची बाटली म्हणूनच कामाची नव्हती. लगेच बर्फात, साधारण 4 अंशाला, आणि 14 दिवसांत तपासणी. एक कुपी लॅबने शुद्ध पाण्याने भरून दिलेली घ्या, ती न उघडता सगळीकडे बरोबर फिरवायची आणि परत द्यायची, तिच्यात जर काही सापडलं तर प्रवासातच काहीतरी शिरलं असं कळतं. त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून त्याच हाताने नमुना घेऊ नका, हसू नका, आमच्याकडे यामुळे आख्खी फेरी वाया गेलीय.

बादली आपटून घेऊ नका, खळखळ झाली की वायू उडतो. आम्ही बेलर वापरतो, म्हणजे खाली झडप असलेली पारदर्शक नळी, ती हळू सोडायची. तरंगणारा थर वेगळा बघायचा आणि विरघळलेल्यासाठी पाणी थराच्या खालून घ्यायचं. बोअरमधून घेत असाल तर आधी नळीत साचलेलं जुनं पाणी काढावं लागतं, जुनी रीत तीन नळ्या-भर पाणी काढायची, हल्ली अगदी संथ पंपाने पाण्याचा पीएच आणि वाहकता स्थिर होईपर्यंत थांबतात.

आणि फक्त एका विहिरीचा नमुना घेऊन थांबू नका. पंपाच्या वरची एक, तुमची, आणि तुमच्या खालची एक, किमान तीन. वरची स्वच्छ आणि तुमची खराब निघाली तर उगम दोघींच्या मधे आहे असं म्हणायला आधार मिळतो.

डिपरॉड

मी अकरा वर्षं पंपावर मॅनेजर होतो, आता शेती करतो. पंपवाले "टाकी टाईट" म्हणतात तेव्हा ते मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, बऱ्याचदा त्यांना खरंच माहीत नसतं. रोज सकाळी डिप घेतो, म्हणजे टाकीत खुणांची काठी (डिपरॉड) बुडवून पातळी बघतो, रजिस्टरला लिहितो, विक्री वजा करतो, थोडी तूट बाष्पीभवनात धरतो. वीस हजार लिटरच्या टाकीत दिवसाला दोन-तीन लिटर कमी झालं तर डिपवर ते दिसतच नाही. आणि टाकीपेक्षा जास्त गळतं ते टाकीपासून पेट्रोल भरायच्या मशीनपर्यंतच्या जमिनीतल्या पाईपच्या जोडांना आणि मशीनच्या खालच्या खड्ड्यात.

एक गोष्ट विचारा त्यांना, नीट, भांडण न करता. डिपरॉडला पाणी शोधायची पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. पावसाळ्यात टाकीत पाणी येतं का विचारा. टाकीला जर भोक असेल तर जमिनीतलं पाणी वर चढलं की ते आत शिरतं आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पेट्रोल बाहेर पडतं. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि गिऱ्हाईकांच्या गाड्या बंद पडतात, म्हणून हे लपत नाही. "गेल्या पावसाळ्यात इथे पेट्रोल टाकलं आणि गाडी बंद पडली" असं म्हणणारं कोणी गावात आहे का चौकशी करा.

गॅरेजही सोडू नका, जुनं ऑईल आणि डिझेल जमिनीत ओततात.

भूजल_फिरस्ता

डिपरॉड यांनी फार मोलाचं सांगितलं, इथेनॉलवर थोडी भर घालतो. जमिनीतले जीवाणू इथेनॉल आधी खातात कारण ते सोपं, त्यात तिथला प्राणवायू संपतो, आणि बेंझीन खाणाऱ्यांना काही उरत नाही. म्हणून इथेनॉलवाल्या पेट्रोलमधलं बेंझीन जमिनीत जास्त लांबपर्यंत पोचू शकतं.

आता दिशेबद्दल, कारण इथे सगळे फसतात. "वरच्या अंगाला पंप आहे म्हणून पाणी आपल्याकडे येतं" हे मुरमात ठीक आहे. मुरूम संपला की आपला दख्खनचा काळा पाषाण, एकावर एक लाव्हाचे थर, मधे मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा मऊ खडक, मधे तांबड्या मातीचा पट्टा. पाणी त्यातल्या भेगांनी आणि दोन थरांच्या सांध्याने जातं आणि त्या भेगा जमिनीचा उतार बघून पडलेल्या नसतात. शंभर फुटांवरची विहीर स्वच्छ आणि तीनशे फुटांवरच्या विहिरीत पेट्रोल, असं होऊ शकतं. हवाईमधला रेड हिल हा इंधनसाठा याचं मोठं उदाहरण, तिथेही आपल्यासारखाच काळा पाषाण (बेसॉल्ट). अमेरिकी नौदलाच्या 20 भूमिगत टाक्या, प्रत्येकी सव्वा कोटी गॅलनच्या, भूजलापासून फक्त शंभरेक फूट वर. 2014 मध्ये एका टाकीतून 27 हजार गॅलन गळलं, आसपास निरीक्षण विहिरी होत्या, पण भेगाळ खडकात पाणी नेमकं कुठल्या बाजूला जातं यावर वर्षानुवर्षं वाद चालला. नोव्हेंबर 2021 मध्ये विमानाचं इंधन पाणीपुरवठ्याच्या विहिरीत उतरलं आणि त्या पाण्यावरच्या 93 हजार लोकांच्या नळाला वास यायला लागला. शेवटी टाक्या रिकाम्या कराव्या लागल्या.

म्हणून उतार डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. गवंडी लेव्हलची पारदर्शक नळी वापरतो ना, ती घेऊन तिन्ही विहिरींच्या कठड्यांवर एकाच पातळीची खूण करा, लाल रंगाने. मग दर पंधरा दिवसांनी एकाच सकाळी, मोटारी चालू होण्याआधी, तिन्हीकडे त्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते टेपने मोजा. तीन आकडे मिळाले की पाणी कुणीकडे झुकतंय याचा अंदाज येतो, पाच मिळाले तर आणखी चांगलं. वहीत तारीख, पातळी, वास, तवंग, पाऊस, जवळची मोटर किती तास चालली, सगळं लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला घेते, बीटेक्सचे नमुनेही तुम्ही त्याच बेताने वर्षातून चार वेळा घ्या, शिवाय पहिल्या वर्षी जुलैअखेर एक जादा.

जादा का, तर पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होतं आणि जाता-येता मुरमाला माखत जातं. पावसाळ्यात पाणी वर आलं की माखलेला भाग पाण्याखाली बुडतो, तवंग नाहीसा होतो, लोक म्हणतात गेलं. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की परत.

आणि घाबरून नवीन बोअर मारायचं डोक्यात असेल तर थांबा. वरचा थर खराब असताना बोअर मारलं तर तुम्ही त्याला खालच्या चांगल्या पाण्यापर्यंत रस्ता करून देता. निरीक्षण बोअर वेगळं असतं, त्याची जाळीची नळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे यावी लागते नाहीतर तरंगणारा थर त्यात दिसतच नाही, वरून चिकणमातीने बंद करावं लागतं. ते काम माहितगाराकडून आणि ज्याच्यामुळे झालं त्याच्या खर्चाने.

मुरगावची_लेक

आगीबद्दल वर लिहिलंय ते कोणी हलक्यात घेऊ नका. 2024 च्या सुरुवातीला आमच्या इथे गोव्यात दाबोळीजवळ माटवेला विहिरींत इंधन आलं आणि एका विहिरीने पेट घेतला. विहीर पेटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. चेन्नईत तोंडियारपेटलाही 2013 मध्ये लोकांच्या बोअरमधून तेल आलं होतं, तिथे जमिनीखालून जाणारी पाईपलाईन होती. तुमच्या भागातून कुठली लाईन जाते का तेही बघा. आणि ताई-माईंना सांगा, त्या पाण्याने भिजवलेले कपडे शेगडीजवळ वाळत घालू नका.

डिपरॉड

अर्ज कुठे द्यायचे ते राहिलंच. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय, जिल्हाधिकारी, आणि पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय नागपूरला आहे, पंपाच्या टाक्यांचं लायसन तिच्याकडचं. आणि पंपावर ज्या तेल कंपनीचा बोर्ड आहे त्यांचा विभागीय सेल्स ऑफिसर. 1974 च्या जल कायद्यात जमिनीखालचं पाणीही धरलेलं आहे आणि कलम 24 खाली ते दूषित करायला मनाई आहे, ते अर्जात लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नवीन पंपांसाठी वस्तीपासून 50 मीटर, अगदीच अडचण असेल तर 30 मीटर, असं अंतर घातलंय, पण तुमचा पंप जुना आणि 80 मीटरवर, म्हणून अंतरावर भांडत बसू नका. मागणी एकच ठेवा, टाकी आणि पाईप दोन्हींची दाबाची चाचणी आमच्या समोर करा. नमुना घेताना ग्रामसेवक आणि दोन पंच उभे करून पंचनामा करा, फोटोत कुपीवरचं लेबल दिसलं पाहिजे.

वस्तीवरचा

दीड महिन्याने लिहितोय. पंचनामा करून 28 मे ला तीन विहिरींचे नमुने पुण्याच्या लॅबला दिले, वस्तीने वर्गणी काढली. पंपाच्या वरच्या विहिरीत बेंझीन आढळलं नाही. आमच्या विहिरीत लिटरला 140 मायक्रोग्रॅम. खालच्या अंगाला ओढ्याजवळच्या विहिरीत 6, आणि त्या घरात कोणालाच वास येत नव्हता, ते लोक रोज पीत होते. त्यांना रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा तिथली आजी एवढंच म्हणाली की बाळा, पाणी तर गोड लागत होतं. मला पुढे बोलवेना.

लॅबने आलेख बघून सांगितलं की नमुना पेट्रोलचा आहे, डिझेल किंवा ऑईलचा नाही, म्हणजे गॅरेजवरचा संशय कमी झाला. टँकर चालू झालाय, एक दिवसाआड. पोरगीचं रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, सहा महिन्यांनी परत या. अर्ज चारही ठिकाणी दिले, पोच आहेत. पंपावर 2 जुलैला कंपनीची माणसं आली, टाकी पास झाली पण एका मशीनकडे जाणारा पाईप दाब धरत नव्हता. ते मशीन बंद केलंय.

आता पाऊस झाला, पाणी नऊ फूट वर आलंय आणि भूजल_फिरस्ता यांनी लिहिलं होतं तस्संच झालं, वास गेला, तवंग गेला. वस्तीवरची निम्मी माणसं म्हणतात पाईप बंद झाला, वासही नाही, चालू करू. मी वही समाजमंदिरात टांगलीय, पाच वेळा मोजलेल्या पातळ्या आहेत त्यात, आणि दोराला कुलूप घातलंय, किल्ली आईकडे. एक प्रश्न, जुलैचा नमुना वरून घ्यायचा की खालून? विहिरीत आता बरंच पाणी साठलंय.

भूजल_फिरस्ता

दोन्ही. एक पाण्याच्या पृष्ठभागाच्या हातभर खालून आणि एक मेमध्ये जिथे पाण्याची पातळी होती त्या खोलीवरून, कारण माखलेला मुरूम आता तिथे बुडालेला आहे आणि तिथूनच पाझरत असणार. ओढ्याजवळच्या विहिरीचा नमुना चुकवू नका, या वेळी मला तिचीच जास्त काळजी आहे, पावसाचं पाणी मुरलं की प्रदूषण पुढे सरकतं आणि 6 चे 20 व्हायला वेळ लागत नाही. 6 आहे तरी त्या घरालाही टँकरवर घ्या. आणि ओढ्यापलीकडे अजून कुठली विहीर किंवा बोअर असेल तर तीही या फेरीपासून वहीत घ्या.

माझ्याकडे तेल आणि पाण्याची सीमा दाखवणारी टेप आहे, थर असेल तर मिलिमीटरमध्ये जाडी कळते. 27 तारखेच्या रविवारी मी साताऱ्यात आहे, सकाळी सातला मोटारी चालू व्हायच्या आत पोचतो.

वस्तीवरचा

या. वरच्या मळ्यातल्या माणसांना त्या सकाळी मोटर लावू नका म्हणून आजच सांगून ठेवतो. ओढ्यापलीकडे दोन बोअर आहेत, दोन्ही घरं तयार झालीत.

एडिसनकर

कुप्या आधीच मागवून ठेवा, पाच ठिकाणं धरली, तुमच्या विहिरीत दोन खोल्या, प्रत्येकी तीन कुप्या, म्हणजे अठरा, अधिक प्रवासाची एक आणि तुमच्या विहिरीची दुबार म्हणून तीन. बर्फ रविवारी सकाळी मिळत नाही, शनिवारी रात्रीच आणून ठेवा.